मुस्तफाला चालतं ठेवणारे हात

सोलापूरहून अक्कलकोटला निघालं की वाटेत वळसंग लागतं. दक्षिण सोलापूर तालुक्यातलं, कर्नाटकाच्या हद्दीजवळचं हे गाव. मराठीच्या जोडीला कन्नड इथे सहज कानावर पडते. या पट्ट्यात ज्यांचं शाळकरी वय नव्वदच्या दशकात गेलं, त्यांच्यासमोर नुसतं 'मुस्तफा' म्हणा. पुढचं सगळं ते सांगतील. धावत यायचं, उडी मारायची, लाथ घालायची. समोरचे गुंड आडवे. मग पुढची स्टेज, पुढचा बॉस, आणि शेवटची लाइफ गेली की खिशात आणखी एक रुपया आहे का याचा शोध.

त्या खेळाचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स'. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ साली बाजारात आणला. कथा मार्क शुल्ट्झ या अमेरिकी चित्रकाराच्या 'झेनोझोइक टेल्स' या कॉमिकवर बेतलेली. खेळायला चार पात्रं होती: जॅक, हॅना, मुस्तफा आणि मेस. कंपनीच्या लेखी जॅक नायक होता. आपल्याकडच्या पोरांनी मुस्तफाला नायक केलं, कारण तो सगळ्यांत चपळ होता आणि त्याची धावती लाथ कुणालाही जमत असे. पुढे अख्ख्या खेळालाच त्याचं नाव पडलं. मूळ इंग्रजी नाव पडद्यावर झळकायचं, पण ते वाचायची गरज कुणाला पडली नाही.

या खेळांच्या आठवणी आज पुष्कळ निघतात. त्या आठवणींतून एक माणूस मात्र हटकून राहून जातो. यंत्र बंद पडल्यावर मागची फळी काढून आत हात घालणारा मेकॅनिक. परदेशात घडलेलं, जवळपास कुठे सर्व्हिस सेंटर नसलेलं, सर्किटचा नकाशा हाती नसलेलं हे यंत्र जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांत वर्षानुवर्षं चाललं, ते त्याच्यामुळे. आपल्याकडच्या व्हिडिओ गेमचा इतिहास हा आधी त्याचा इतिहास आहे. तो कुणी लिहून ठेवलेला नाही.

नाणं टाका, मजा बघा

नाणं टाकून करमणूक विकत घेणं आपल्याला नवीन नव्हतं. रेल्वे फलाटांवरचं वजनाचं यंत्र आठवा. काचेआड रंगीत दिवे लुकलुकत, चकती फिरत असे. चकती थांबली की नाणं सोडायचं, आणि खाली जाड पुठ्ठ्याचं तिकीट पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. वजन बघून लोक तिकीट उलटं करत आणि भविष्यच दोनदा वाचत. जत्रांत बायस्कोपवाला असे. सोलापुरात मकरसंक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची यात्रा भरते आणि होम मैदानावर गड्डा लागतो. पाळणे, मौत का कुआँ, नेमबाजीचे स्टॉल. मोजके पैसे देऊन घटकाभर थरार घ्यायची सवय या भागाला पिढ्यान्‌पिढ्या आहे. व्हिडिओ गेम त्याच ओळीत येऊन बसला.

त्याचा जन्म अमेरिकेतला. १९७२ साली अटारी कंपनीसाठी अल अल्कॉर्न या अभियंत्याने 'पाँग' तयार केला. दोन फळ्या, मध्ये एक चेंडू, एवढाच खेळ. पहिलं यंत्र कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल इथल्या एका बारमध्ये ठेवलं होतं. थोड्याच दिवसांत ते बंद पडल्याचा निरोप आला. अल्कॉर्न हत्यारं घेऊन गेला, यंत्र उघडलं, तर सर्किटमध्ये काही बिघाड नव्हता. नाण्यांचा डबा काठोकाठ भरला होता आणि पुढचं नाणं आत जायला जागा उरली नव्हती. हा धंदा किती मोठा होणार, हे त्या दुरुस्तीत कळलं.

पुढची झेप जपानने घेतली. १९७८ साली तैतो कंपनीच्या तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' बनवला. त्यात शत्रूची यानं एकेक करून फुटतात तशी उरलेली वेगाने चालून येतात. हा वेग मुळात यंत्राच्या दुबळेपणातून आला होता. पडद्यावर आकृत्या जास्त असल्या की प्रोसेसर मंदावायचा, कमी झाल्या की पळायचा. निशिकादोंनी ते तसंच ठेवलं, आणि खेळाचा सगळा ताण त्यातूनच उभा राहिला. १९८० साली नामको कंपनीत तोरू इवातानी यांनी 'पॅक-मॅन' आणला आणि व्हिडिओ गेम जगभर घरोघरी माहीत झाला.

आपल्या दृष्टीने मात्र महत्त्वाची घटना एका प्लगची आहे. जपानी यंत्र उत्पादकांच्या 'जामा' या संघटनेने १९८५ च्या सुमारास जोडणीचं एक प्रमाण ठरवलं. खेळाच्या सर्किट बोर्डाच्या कडेला दोन्ही बाजूंनी २८-२८ अशा ५६ पट्ट्या. कोणत्या पट्टीवर वीज, कोणत्या पट्टीवर चित्र, कोणत्या पट्टीवर आवाज, दांडा, बटण, नाणं, हे सगळं ठरलेलं. त्यामुळे खोकं एकच ठेवून आतला बोर्ड बदलला की नवा खेळ तयार. आज 'स्ट्रीट फायटर', उद्या 'मुस्तफा'. जपानी कारखान्यात घडलेलं लाकडी खोकं बोटीने आणायची गरजच उरली नाही. बोर्ड पिशवीत मावत होता. बाकीचं सगळं इथे बनवता येत होतं.

सुतार, टीव्हीवाला आणि एक बोर्ड

इथूनच आपला इतिहास सुरू होतो. प्लायवूडचं खोकं गावातल्या सुताराने ठोकायचं, वर सनमायका. आत जुन्या रंगीत टीव्हीची पिक्चर ट्यूब. दांडा आणि बटणं बाजारातून. मधोमध तैवान, हाँगकाँग किंवा चीनकडून फिरत फिरत आलेला बोर्ड, आणि तो बहुतेक वेळा नकली. मूळ कंपनीच्या चिप्समधला खेळ उतरवून घेऊन स्वस्त बोर्डावर चढवलेला. सुट्या भागांसाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याची तपकीर गल्ली होतीच.

हे सगळं एकत्र आणू शकणारा माणूस तोवर गावोगाव तयार झाला होता. १९८२ च्या आशियाई खेळांच्या निमित्ताने देशात रंगीत टीव्ही आला. १९८४ च्या आसपास दूरदर्शनची लहान प्रक्षेपण केंद्रं झपाट्याने उभी राहिली. टीव्ही आले, तसे टीव्ही दुरुस्त करणारे आले. कुणी आयटीआय केलेलं, कुणी मुंबईच्या दुकानात उमेदवारी केलेली, कुणी टपालाने कोर्स केलेला. व्हिडिओ गेमचं यंत्र पहिल्यांदा उघडलं ते याच लोकांनी.

त्यांच्यापुढची पहिली अडचण चित्राचीच होती. आपला टीव्ही सेकंदाला ५० वेळा चित्र रंगवणारा. जपानी बोर्ड सुमारे ६० वेळा चित्र पाठवणारा. जोडणी केली की पडद्यावरचं चित्र खालून वर, वरून खाली पळत सुटे. टीव्हीच्या आत 'व्हर्टिकल होल्ड'चा बारीक प्रीसेट असतो. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने तो केसभर फिरवायचा, चित्र थांबेपर्यंत. चित्र थांबलं की त्याची उंची कमी-जास्त झालेली दिसायची. मग दुसरा प्रीसेट. दुसरी अडचण रंगांची. बोर्डातून लाल, हिरवा, निळा हे तीन रंग तीन वेगळ्या तारांनी येतात. आपल्या टीव्हीला ॲन्टेनाची एकच तार ठाऊक. तेव्हा ट्यूनर वगैरे सगळं टाळून, पिक्चर ट्यूबच्या मानेवर बसवलेल्या छोट्या पट्टीपर्यंत ते तीन रंग न्यावे लागत. हे काम जिवावर बेतणारं होतं. रंगीत ट्यूबमध्ये वीस हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि टीव्ही बंद केल्यावरही तो टिकून राहतो. म्हणून आधी स्क्रू ड्रायव्हरला तार बांधून, तिचं दुसरं टोक अर्थला जोडून, ट्यूबवरच्या रबरी टोपीखाली स्क्रू ड्रायव्हरचं टोक सरकवायचं. 'चट्' असा आवाज झाला की मगच हात घालायचा. नव्या पोराला मेकॅनिक पहिला धडा हाच देत.

खेळ मध्येच अडकला किंवा सारखा पहिल्यापासून सुरू होऊ लागला, तर अनुभवी माणूस बोर्डाला दोष देत नसे. तो मल्टिमीटर घेऊन जामाच्या पट्टीवर पाच व्होल्ट बघे. पुरवठा यंत्रावर पाच दिसतात, बोर्डापर्यंत पोचेपर्यंत पावणेपाचच्याही खाली येतात. कारण तारा बारीक आणि पट्ट्यांवर काजळी. मग वीज बंद करून शाळेच्या खोडरबराने त्या ५६ पट्ट्या घासायच्या, पुरवठ्याचा प्रीसेट जरा वाढवायचा, पुन्हा मोजायचं. निम्मी 'खराब' यंत्रं या एवढ्यावर उठून बसत.

उरलेली लढाई पोरांच्या हातांशी. दांड्याच्या चारही बाजूंना बारीक मायक्रोस्विच असतात. मुस्तफा धावायला दांडा एकाच दिशेला दोनदा झटकावा लागतो. दिवसभरात असे किती झटके बसत असतील याचा विचार करा. उजवीकडचा स्विच सगळ्यांत आधी जाई. जुना स्विच काढून कमी वापराच्या दिशेला लावायचा आणि तिथला चांगला इकडे आणायचा, ही युक्ती अवघी दोन मिनिटांची. नवा भाग येईपर्यंत गल्ला चालू राही.

रुपयाचं नाणं बदललं तेव्हा

या यंत्रांच्या इतिहासात भारत सरकारच्या टांकसाळीचाही वाटा आहे. १९९२ पासून रुपयाचं नाणं बदललं. आधीचं तांबं-निकेलचं, २६ मिलिमीटर व्यासाचं, सहा ग्रॅम वजनाचं. नवं स्टेनलेस स्टीलचं, २५ मिलिमीटरचं, ४.८५ ग्रॅमचं. गिऱ्हाइकाला फरक फारसा जाणवला नाही. यंत्राला जाणवला.

नाणं तपासणारी जी यांत्रिक पेटी असते ती तीन गोष्टी बघते: व्यास, वजन आणि धातू. धातू बघायला आत चुंबक असतो. कुणी लोखंडी वायसर टाकला तर चुंबक त्याला अडवतो. तांबं-निकेलला चुंबक ओढत नाही, म्हणून जुना रुपया सुखाने आत जाई. नव्या रुपयाचं स्टील मात्र चुंबकाला चिकटणारं. अशा पेटीत खरं नाणंच खोटं ठरणार. चुंबक काढावा तर वायसर टाकणाऱ्यांचं फावणार. यातून सुटायला दोनच सरळ वाटा होत्या. एक, मालकाने स्वतःची टोकन पाडून घ्यायची. दुसरी, पेटीच काढून टाकायची आणि रुपया हातात घेऊन मालकाने आपल्या बटणाने क्रेडिट द्यायचं. अनेक व्हिडिओ गेम पार्लरमध्ये मालक किंवा त्याचा पोरगा यंत्रांशेजारी स्टूल टाकून बसलेला असे, त्याचं हेही एक कारण. नाण्यावर चालणारं यंत्र माणसाच्या हातून चालू लागलं. त्यामुळे उधारी आली, ओळख आली, आणि 'आज पुरे, घरी जा' असं सांगणारं कुणीतरी आलं.

ग्रामीण महाराष्ट्रात भारनियमनाने आणखी एक प्रश्न उभा केला. शेवटच्या बॉसपर्यंत पोचलेला गडी, आणि वीज गेली. बोर्डाला कालचं काही आठवत नाही; क्रेडिट गेलं, स्टेज गेली. पैसे परत द्यायचे की वीज आल्यावर पुन्हा खेळू द्यायचं, हा न्याय प्रत्येक मालकाने आपापल्या रीतीने केला. वीज परत येताना दाब उसळला की पॉवर सप्लाय उडे, आणि दुसऱ्या दिवशी मेकॅनिकला बोलावणं जाई.

बदनामी आणि ओहोटी

पार्लरची प्रतिष्ठा कधीच फार नव्हती. शाळा चुकवणारी पोरं तिथे सापडत, आणि ते खरंही होतं. शिवाय 'व्हिडिओ गेम'च्या पाटीखाली काही ठिकाणी पत्त्यांचे, आकड्यांचे जुगारी खेळही चालत. शेजारच्या कर्नाटकात हा वाद न्यायालयात गेला. एम. जे. शिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली निकाल दिला. यंत्रात फेरफार करून खेळणाऱ्याच्या कौशल्याला अर्थच उरणार नाही अशी व्यवस्था करता येते, हे न्यायालयाने विचारात घेतलं आणि अशा जागांना परवाना लावण्याचा सरकारचा अधिकार मान्य केला. निकाल योग्य होता. पण समाजाच्या नजरेत जुगाराचं यंत्र आणि मुस्तफाचं यंत्र यांतला फरक पुसला गेला, आणि साधा पार्लरवालाही संशयाच्या सावलीत आला.

धंदा संपवला तो मात्र पोलिसांनी नव्हे. आधी घरच्या टीव्हीला जोडायचे स्वस्त व्हिडिओ गेम आले. मग सायबर कॅफे आले. १९९७ साली निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रामरने 'मेम' नावाचं सॉफ्टवेअर लोकांसाठी खुलं केलं. जुन्या बोर्डांचं वागणं संगणकावर हुबेहूब उभं करणारं. मुस्तफा आता कॅफेतल्या संगणकावर, नाणं न टाकता, हव्या तितक्या लाइफ घेऊन खेळता येऊ लागला. त्यापाठोपाठ मोबाइल. २०११ साली रुपयाचं नाणं पुन्हा लहान झालं, २२ मिलिमीटरचं. तोवर त्याची फिकीर करणारी यंत्रं मोजकीच उरली होती. खोकी सरपणात गेली, पिक्चर ट्यूब फुटल्या, बोर्ड किलोवर भंगारात गेले.

जपायचं म्हणजे काय

परदेशात याच काळात उलटं घडत होतं. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यातल्या लकोनिया इथे फनस्पॉट या जुन्या खेळघरात आर्केड यंत्रांचं संग्रहालयच उभं राहिलं. न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरच्या स्ट्राँग संग्रहालयाने २०१५ साली व्हिडिओ गेमसाठी सन्मान-दालन सुरू केलं, आणि पहिल्याच वर्षी 'पाँग' आणि 'पॅक-मॅन' यांना त्यात मान दिला. 'मेम'मागच्या हौशी मंडळींचा मूळ हेतूही खेळणं हा नव्हता. चिप्स मरायच्या आधी त्यांतला मजकूर उतरवून ठेवणं, हे त्यांचं काम.

चिप्स खरोखरच मरतात. कॅपकॉमने नक्कल रोखण्यासाठी आपल्या काही बोर्डांवर एक बॅटरी बसवली होती. कुलूपबंद प्रोग्रामची किल्ली त्या बॅटरीच्या जोरावर टिकून राहायची. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि बाकी सगळं शाबूत असूनही बोर्ड निकामी होतो. मूळ 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स'चा बोर्ड याच जातीचा. नकली बोर्डांतून हे कुलूप काढूनच टाकलेलं असे. म्हणून अस्सल बोर्ड बॅटरीपायी मेले आणि आपल्याकडचे नकली चालत राहिले. नक्कल ही चोरीच होती, यात शंका नाही. पण कुठल्या देशात काय खेळलं गेलं, याचा पुरावा आज त्या नकली बोर्डांतच आहे.

आपल्याकडे अशा कामाला परंपरा नाही असं नाही. पुण्याच्या दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, दौती, कुलपं, वाद्यं अशा घराघरांतल्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या. त्यातल्या कित्येक लोकांनी अडगळीत टाकल्या होत्या. पुढे तो संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाला दिला, आणि राजा दिनकर केळकर संग्रहालय बघितल्याशिवाय आज पुण्याचा फेरफटका पुरा होत नाही. रोजच्या वापरातली वस्तूही इतिहास सांगते, हे केळकरांनी मराठी माणसाला दाखवून दिलं आहे. रुपयावर चालणारं खोकं त्याला अपवाद असण्याचं कारण नाही. त्यात सुताराचं काम आहे, टीव्ही मेकॅनिकची अक्कल आहे, टांकसाळीचं नाणं आहे, भारनियमन आहे, आणि एका अख्ख्या पिढीचं बालपण आहे.

तेव्हा सोलापूरपासून वळसंग-अक्कलकोटपर्यंत आणि त्यापलीकडेही, ज्यांच्या माळ्यावर किंवा दुकानाच्या मागच्या खोलीत असा बोर्ड पडून असेल त्यांना एक विनंती. तो भंगारात देऊ नका. पाहायला म्हणून लगेच वीजही जोडू नका. आधी पुरवठा नीट पाच व्होल्ट देतो का ते जाणकाराकडून मोजून घ्या. बोर्डावर पिंपाच्या आकाराची जुनी चार्जिंगची बॅटरी (वर सांगितलेली कॅपकॉमची किल्ली जपणारी नव्हे) असून ती पाझरत असेल तर ती काढून टाकायला लावा, नाहीतर तिचा क्षार तांब्याच्या रेषा खाऊन टाकतो. चिप्सवर चिकटवलेले कागद काढू नका. त्याखालच्या काचेतून ऊन गेलं तर आतला प्रोग्राम पुसला जाऊ शकतो. आणि तुमच्या गावातला तो मेकॅनिक अजून असेल तर त्याच्याकडे जा, त्याला बोलतं करा आणि तो सांगेल ते लिहून किंवा रेकॉर्ड करून ठेवा. बोर्ड आणखी काही वर्षं टिकतील. ते चालवण्याची विद्या फक्त त्या माणसांपाशी आहे, आणि ती माणसं आता म्हातारी होत चालली आहेत.